काशाची वाटी

"सोडा म्हणते ना! पाप लावता काय मले?"

सुलभाने पाय असा झटकला की गिरधरच्या हातातली काशाची वाटी फरशीवर पडली आणि गरगरत पलंगाखाली गेली. गिरधर गुडघ्यांवर बसलेला तसाच राहिला. बोटांना तूप, मांडीवर जुनं फडकं आणि समोर पाय साडीत ओढून घेऊन बसलेली बायको. लग्नाला चौतीस वर्षं झालेली.

"दोन मिनिटांचं काम आहे," तो म्हणाला. "तळपाय घासले की डोक्यातली गरमी उतरते. झोप लागते."

"लागली तं लागली, नाही तं नाही. नवऱ्यानं बायकोचे पाय धरायचे? वर जाऊन काय तोंड दाखवू मी?"

"अठी कोन पाहते आपल्याले?"

"मी पाहते ना!"

पलंगाखाली हात घालून वाटी शोधताना गिरधरला चक्क हसू आलं. दिवाळीपासून सुलभाचा आवाज एवढा चढला नव्हता. आधी हा आवाज तीन घरं पलीकडे जायचा. भाजीवालीशी, दूधवाल्याशी, नळाला पाणी सोडणाऱ्याशी, कुणाशीही ती मनापासून भांडायची, आणि भांडण संपलं की त्याच माणसाला चहाला थांबवायची. आता महाशिवरात्र जवळ आली होती आणि घरात भांड्यांचासुद्धा आवाज होत नव्हता.

शेवटी रंभाबाईला बोलावलं. ती दोन्ही वेळा भांडी घासायला यायची, पलीकडच्याच गल्लीत राहायची. "भांडे घासते तं पाय घासाले काय जाते," म्हणत तिने बैठक मारली. तिच्या हातात मात्र सुलभाने पाय मुकाट्याने दिला. रंभाबाईने तळव्याला तूप चोपडलं आणि वाटीचं बूड गोल गोल फिरवायला लागली. थोड्या वेळाने तूप राखाडी झालं, मग काळं. दोन्ही पाय पुसून झाले तेव्हा फडकं तव्याखालून काढल्यासारखं दिसत होतं.

गिरधरने ते फडकं खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं. "केवढी गरमी! आता समजलं मले. सगळी डोक्यातली आहे."

रंभाबाई काहीतरी बोलणार होती. पण गिरधरभाऊ त्या फडक्याकडे इतक्या भक्तिभावाने पाहत होते की तिने तोंड मिटलं आणि हात धुवायला गेली.

गिरधरचं बुऱ्हाणपुरात, शनवारा वेशीच्या अलीकडे जडीबुटीचं दुकान होतं. आजोबांनी काढलेलं, वडिलांनी म्हणजे बापूंनी नावारूपाला आणलेलं. भिंतभर लाकडी खण, दीडशेच्या आसपास, आणि एकावरही नाव लिहिलेलं नाही. कोणत्या खणात काय, ते गिरधरच्या हाताला ठाऊक होतं. डोळ्यांचं तिथं कामच नव्हतं. हिंग, ओवा आणि वेखंड यांचा मिळून एक वास त्याच्या अंगाला कायमचा लागला होता. "लग्नाच्या गर्दीत डोळे बांधा माझे, तरी माझा मानूस मी शोधून काढीन," असं सुलभा बायकांमध्ये सांगायची आणि बायका पदर तोंडाला लावून हसायच्या.

बापूंनी मुलाला दुकान देताना फार काही सांगितलं नव्हतं. औषध घेऊन निघालेल्या गिऱ्हाइकाला "परत या" म्हणायचं नाही, हे एक. आणि दुसरं त्या सगळ्यात वरच्या, उजव्या कोपऱ्यातल्या खणाबद्दल. तिथे सर्पगंधा असायची. "हे गरम डोक्याचं औषध," बापू म्हणायचे. "जो ओरडतो, मारायले धावतो, ज्याचं रक्त चढतं, त्याले दे. जो गप बसून राहतो, त्याले नको. गार डोक्याले हे आनखी गार करते." तो खण मुद्दाम एवढा वर होता. स्टुलावर चढेपर्यंत माणसाला विचार करायला वेळ मिळावा, म्हणून.

बहादरपूर, शाहपूर, जैनाबाद, सगळीकडून लोक यायचे. केळीच्या गाड्या भरणारे पाठीसाठी, म्हाताऱ्या गुडघ्यांसाठी, आणि अलीकडे जो तो झोपेसाठी. गिरधर जटामांसी द्यायचा, ब्राह्मी द्यायचा, खसखस दुधात वाटून घ्यायला सांगायचा. पुष्कळांना गुण यायचा. गिरधरभाऊच्या हाताला गुण आहे, हे वाक्य त्याने इतक्यांदा ऐकलं होतं की ते त्याला आपल्या नावाचाच भाग वाटायला लागलं होतं. आणि या माणसाची बायको पहाटे तीनला उठून मागच्या दारच्या पायरीवर दूधवाला येईपर्यंत बसून राहायची.

कारण काही नव्हतं, हेच कुणाला पटत नव्हतं. मुलगी तृप्ती इंदूरला सुखात होती. घरात आजारपण नाही, भाऊबंदकी नाही. शेजारच्या बाईने "सुख टोचतं म्हणतात ते हेच," असा निकाल दिला. गिरधरने स्वतः विचारलं, तेव्हा सुलभा बराच वेळ आठवल्यासारखं करत राहिली.

"काय होते, ते सांग ना."

"काहीच होत नाही हो. तेच होते."

"मंजे?"

"सकाळ झाली की वाटते, आता हिचं काय करू? एवढी मोठी सकाळ."

यावर काय पुडी द्यायची, ते दीडशे खणांमध्ये नव्हतं. पण गिरधरने हार मानली नाही. खसखस झाली, जायफळ झालं, नाकात गाईच्या तुपाचे थेंब झाले, डोक्याला ब्राह्मीचं तेल झालं, म्हशीचं दूध झालं. शेजारणीने मीठ-मोहऱ्या उतरवल्या. रंभाबाईने उशाखाली विळा ठेवला. सुलभा सगळं घ्यायची, सगळं करू द्यायची आणि पहाटे तीनला उठायची. तृप्ती फोनवर म्हणायची, "पप्पा, मम्मीला डॉक्टरला दाखवा ना. इसमें शरम की क्या बात है? आजकल सब जातात."

"पाहू, पाहू," गिरधर म्हणायचा. पाहायचं काहीच नव्हतं. मिठाईवाल्याने दुसऱ्याच्या दुकानातून मावा-जलेबी नेली तर गाव काय म्हणेल? तसंच हे. आणि खरं सांगायचं तर नुसती अब्रूची गोष्टही नव्हती. आपल्या हाताने ती बरी व्हावी, असं त्याला फार वाटत होतं. तिच्यासाठी आयुष्यात दुसरं काही केल्याचं त्याला आठवत नव्हतं.

त्या काळ्या फडक्याने त्याला निकाल दिला. एवढी गरमी ज्या डोक्यात, ते डोकं गार कसं असेल? बाहेरून गप्प दिसते, पण आत पेटलेलं आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नसताना त्याने स्टूल ओढलं. स्टुलावर चढेपर्यंत बापू आठवले, हे खरं. पण बापूंनी हे फडकं पाहिलं नव्हतं, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि खण ओढला.

"हे काय नवीन?" पुडी पाहून सुलभाने विचारलं.

"झोपेचं. कडू आहे."

"तुमचं काय गोड असते?" ती म्हणाली, आणि मधात कालवून घेतलं.

चौथ्या दिवशी ती सकाळी सात वाजेपर्यंत झोपली. गिरधर उंबऱ्यात उभा राहून तिचं पांघरूण वर-खाली होताना पाहत होता. दूधवाल्याने हाक मारली तेव्हा त्याला हळू बोल म्हणून त्याने हाताने दटावलं. त्याचे डोळे भरून आले होते, आणि दूधवाल्याने ते पाहिलं तरी त्याला चाललं. दुकानात जाताना त्याने जलेबी घेतली आणि समोरच्या मोतीलालला दिली. मोतीलाल त्याचा शाळेपासूनचा दोस्त, समोर शिलाई मशिनींची दुरुस्ती करायचा, आणि त्याच्या पोटात कोणतीच गोष्ट फार वेळ राहत नसे.

"कशाची जलेबी?"

"वहिनी तुझी झोपली. सात वाजेपर्यंत."

"मी काय म्हनत होतो? तुझ्या हाताले गुन आहे यार!" मोतीलालने अर्धी जलेबी तोंडात टाकली, आणि संध्याकाळपर्यंत शनवाऱ्याला कळलं.

मग ती रोज झोपायला लागली. आधी सातपर्यंत, मग आठ, मग दुपारीही. नाक चोंदायला लागलं, तर गिरधरने ओव्याची पुरचुंडी दिली. सर्पगंधेने नाक चोंदतं हे त्याला माहीत होतं, आणि औषध लागू पडत असल्याची ती खूण आहे असं त्याने मानलं. उठल्यावर ती भिंतीला टेकून बसायची. काही विचारलं तर उत्तर यायचं, पण जरा उशिराने, आणि तेवढंच. पायरीवर बसून "एवढी मोठी सकाळ" म्हणणारी बाई आता सकाळबद्दलही काही बोलत नव्हती.

हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं असेल तर भाजीवाल्या आशाबाईच्या. चैत्रात एक दिवस ती हातगाडी घेऊन सरळ दुकानासमोर येऊन उभी राहिली.

"शेठ, एक सांगू का? वहिनींले काहीतरी झालं."

"काय झालं? झोपते आता चांगली."

"झोपत असतीन. पन काल मी मुद्दाम सुकी मेथी देली त्यायले. पिवळी पडेल होती, गाईले टाकायची. मंटलं भांडतीन तरी. सोळा वर्सं झाली, त्या बाईनं माझ्याजवळून एक कडीपत्त्याची काडी भांडल्याबिगर घेतली नाही." आशाबाईने डोळ्याला पदर लावला. "घेतली हो त्यायनं. काही न बोलता घेतली आन् आत गेल्या."

गिरधरला राग आला. सुकी मेथी दिली म्हणून नव्हे. खरं बोलली म्हणून. "आराम पडला की मानूस शांत होते," तो म्हणाला, आणि उगीचच एक खण उघडून बंद केला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तृप्ती माहेरी आली. बुऱ्हाणपुरात आखाजीला लेक आली नाही असं होत नाही, आणि लेक आल्यावर आईने पुरण घातलं नाही असंही होत नाही. सुलभाने पुरण घातलं. त्यात गूळ घालायला ती विसरली होती. तृप्तीने पहिला घास घेतला, आईकडे पाहिलं, आणि सगळी पोळी तशीच संपवली. मग मोरीत जाऊन नळ सोडून रडली. बाहेर आली ती ठरवूनच.

"गुरुवारी खंडव्याचे मनाचे डॉक्टर येतात लालबागला. मी नंबर लावलाय. पप्पा, तुम्ही पण चलायचं. और कोई बहाना नहीं."

दवाखान्यात बाहेरच्या बाकावर दहा-बारा माणसं होती. त्यात बहादरपूरचे एक पाटील होते, गिरधरचं जुनं गिऱ्हाईक. "अरे, गिरधरभाऊ! तुम्ही अठी?" ते इतक्या मोठ्याने म्हणाले की सगळ्यांनी माना वळवल्या. गिरधर कसनुसं हसला. आपण अंगात सदरा उलटा घालून आलो आहोत असं त्याला वाटत राहिलं.

डॉक्टर तरुण होते, घाईत नव्हते. सुलभाशी ते बराच वेळ बोलले, म्हणजे तेच बोलले. मग त्यांनी तिचा रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला.

"बीपी बहुत कम है. कोई दवा चल रही है? बीपी की, नींद की?"

"नहीं सर," तृप्ती म्हणाली. "कुछ नहीं."

"देसी कुछ? चूर्ण, काढा, जडीबुटी?"

तृप्तीने वडिलांकडे पाहिलं. दार अर्धवट उघडं होतं. बाकाच्या टोकाला पाटलांचं धोतर दिसत होतं.

"नाही साहेब," गिरधर म्हणाला. "हळदीचं दूध देतो. बस."

"पक्का? नाक बंद है इनकी, बीपी गिरा हुआ है, इसलिए पूछ रहा हूँ."

"पक्का."

तेव्हा सुलभाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. आधीची सुलभा असती तर तिथल्या तिथे म्हणाली असती, काय हो, खोटं कशाला बोलता? सगळा दवाखाना हसला असता आणि सगळं निभावलं असतं. या सुलभाने नुसतं पाहिलं, आणि पुन्हा टेबलावरच्या काचेकडे पाहत बसली. गिरधर पुढे किती दिवस त्या एका नजरेशी भांडत राहिला, ते त्याचं त्याला माहीत.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. परिणाम दिसायला तीन आठवडे तरी लागतील, धीर धरा, दुसरं काहीही द्यायचं नाही, आणि परत या, असं सांगितलं. "परत या" ऐकून गिरधरला चमत्कारिक वाटलं.

घरी आल्यावर त्याने पुडी बंद करायचं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. पण तीन आठवडे! तेवढ्यात ती पुन्हा पहाटे तीनला उठून पायरीवर बसली तर? झोप तेवढी त्याने मिळवून दिली होती. ती गेली तर त्याच्या पदरात काही उरत नव्हतं. त्याने पुडी अर्धी केली. अर्धी पुडी म्हणजे जवळजवळ बंदच, असं त्याने धरलं. तृप्ती आईला वेळेवर गोळी द्यायची, आणि लेक न्हाणीत गेली की गिरधर सुलभाला मधातून पुडी चाटवायचा. सोमवारी तृप्ती इंदूरला परत गेली.

मंगळवारी सकाळी सुलभा पडली.

रंभाबाई तेव्हा अंगणात भांडी घासत होती. "वहिनी उठल्या," ती नंतर ज्याला-त्याला सांगत होती, "दोन पावलं चालल्या, आन् धरायले हात पुढं केला. जशी काही भिंतच आहे समोर. तं भिंत कुठी होती तठी? तशाच पायरीवर आडव्या झाल्या. ओरडल्याबी नाहीत हो."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन करावं लागणार होतं, पण रक्तदाब वर येत नव्हता, त्यामुळे करताही येत नव्हतं. तृप्ती रात्रीच्या गाडीने आली ती अंगावरच्या कपड्यांनिशी. बुधवारी भुलीचे डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी औषधांची यादी मागितली. तृप्तीने गोळ्यांची पट्टी दाखवली.

"बस इतना ही? इससे बीपी इतना नहीं गिरना चाहिए. और कुछ?"

"नहीं सर, सिर्फ यही."

"सर्पगंधा," गिरधर म्हणाला.

तो भिंतीला टेकून उभा होता. शेजारी मोतीलाल चहाचा थर्मास घेऊन बसला होता. आणखी दोन-तीन ओळखीचे होते, आणि आता त्याला कुणाचं काही वाटत नव्हतं.

"सर्पगंधा देत होतो. अडीच महिने झाले. परवापर्यंत. मी."

डॉक्टरांनी ते यादीवर लिहून घेतलं. मग म्हणाले, "डिप्रेशन के मरीज को? वो तो आदमी को और नीचे ले जाती है," आणि वळून आत गेले. ते रागाने बोलले नव्हते. बापू जे सांगायचे तेच त्यांनी हिंदीत सांगितलं होतं. मोतीलाल थर्मासचं झाकण उघडून बंद करत राहिला.

तृप्ती ओरडेल असं गिरधरला वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती त्याच्याजवळ येऊन उभी राहिली आणि हळू आवाजात विचारलं, "पप्पा, गुरुवारी मी बाजूलाच बसले होते ना?"

"हो."

"त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं."

"हो बेटा."

"मग का?"

त्याने खूप शोधलं, पण खरं कारण एकच होतं आणि ते फार लहान होतं. "बाहेर पाटील बसले होते. त्यांची झोपेची पुडी आपल्याकडून जाते."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच."

तृप्तीने मान हलवली, जणू एखाद्या परक्या माणसाने रस्ता सांगितला होता, आणि ती आईपाशी जाऊन बसली.

ऑपरेशन पाचव्या दिवशी झालं. मधल्या दिवसांत छातीत कफ भरला, ताप आला, त्यातून सुलभा वाचली. पण खुबा काही धड बसला नाही. धरून उभं केलं तर दोन मिनिटं उभी राहील, चालणं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मनाच्या डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. वेळ लागेल, म्हणाले. पूर्वीसारखं किती होईल ते आज सांगता येणार नाही, असंही म्हणाले.

इस्पितळातल्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी रंभाबाई डबा घेऊन आली. सुलभाचा डोळा लागला होता. गिरधर पायथ्याशी स्टुलावर बसून तिच्या तळव्यांकडे पाहत होता.

"किती गरमी होती तिच्यात," तो म्हणाला. "तू पाह्यली ना, रंभाबाई? त्या फडक्यावर. म्हनून तं मी दिली ती पुडी. नाहीतर दिली नसती."

रंभाबाईने डबा खाली ठेवला. त्या दिवशी गिळलेलं वाक्य आता तिला बाहेर काढावंच लागलं.

"भाऊ, रागावू नका. वाटीनं घासलं का काळं येतेच. कोनाच्याबी पायाले येते. मी माझ्या नातीचे पाय घासते, पाच वर्सांची आहे, तिलेबी तेवढंच येते. ते पोट्टं तं बसल्या बसल्या झोपते."

"मग तेव्हा का नाही बोलली?"

"तुम्ही जानते मानूस. मी भांडेवाली. मले काय वाटलं, तुम्हाले यातलं जास्त समजत असीन."

त्या संध्याकाळी तृप्तीने त्याला अंघोळीला घरी पाठवलं. त्याने अंघोळ केली नाही. पलंगावर बसून उजवा पाय डाव्या मांडीवर घेतला, तळव्याला तूप लावलं आणि वाटी फिरवायला सुरुवात केली. तो रोज रात्री दहाला झोपायचा आणि पाचला उठायचा. सुलभा पायरीवर बसलेली असायची तेव्हासुद्धा तो झोपलेलाच असायचा. थोड्याच वेळात तूप राखाडी झालं, आणि मग काळं. त्याने पाय पुसला. फडकं त्या दिवशीइतकंच काळं होतं. गिरधर ते हातात धरून मोठ्याने रडला, आणि घरात त्याला ऐकायला कुणी नव्हतं.

पाऊस येऊन गेला, गणपती येऊन गेले. तृप्ती दोन महिने राहिली आणि शेवटी आपल्या संसाराला गेली. जाताना गोळ्यांच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावून गेली. ती वडिलांशी बोलायची, पण गोळ्यांपुरतं. गिरधर दुकान आता सकाळीच चार तास उघडायचा. झोपेसाठी कुणी आलं तर आधी विचारायचा, डॉक्टरला दाखवलं का, आणि काय खाता ते त्यांना सांगाल ना? लोक चमकून पाहायचे. त्यातले बरेच परत आले नाहीत. वरच्या उजव्या कोपऱ्यातला खण त्याने रिकामा केला होता.

एका दुपारी तो घरी आला तेव्हा सुलभा उशीला टेकून बसली होती. खिडकीतून आशाबाईची हाक ऐकू आली, गाडी पुढे गेली, आणि सुलभाने तिकडे पाहिलंही नाही. अंथरुणात राहून राहून तिच्या टाचा कोरड्या पडल्या होत्या, त्यांना भेगा गेल्या होत्या. पाय चोळत चला, असं इस्पितळात सांगितलं होतं, आणि ते काम रंभाबाई करायची. रंभाबाई आज नातीला घेऊन शाहपूरला गेली होती.

गिरधरने तुपाचं भांडं आणलं. वाटी आणली आणि मग परत ठेवून आला. पायथ्याशी बसून त्याने सुलभाकडे पाहिलं.

"पाय चोळतो," तो म्हणाला. "टाच फाटली आहे."

त्याने पांघरूण वर केलं आणि तिचा डावा पाय, न मोडलेल्या बाजूचा, उचलून मांडीवर घेतला. तो हलका होता आणि गार होता. तळव्याला तूप लावून त्याचा हात थांबला. त्याच्या कानांना सवय होती, ते वाट पाहत होते. सोडा म्हणते ना. पाप लावता काय मले. मी पाहते ना.

भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. सुलभा खिडकीकडे पाहत होती.

त्याने पकड सैल केली. तिला पाय काढून घ्यायचा असेल तर काढता यावा, म्हणून अगदी सैल केली, आणि थांबला. पाय त्याच्या मांडीवर तसाच राहिला.